विहिरीपाशी वाकलेला धुरा

बोरखडी
४ फेब्रुवारी २०२४

सारजास,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. हवा असला तर घे, नसला तर पाकिटातच राहू दे.

पत्र बघून दचकली असशील. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुझी सून म्हणेल. पण तुझा नंबर मी तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीहून आल्या आल्या फोनातून पुसून टाकला, आणि आता तो कुणाकडं मागायचा म्हणजे माझं नाक जातं. शहरातल्या तुझ्या पुंडलिकनगरचा पत्ता मात्र पत्रिकेवर होता. शिवाय मी सातवी पास, तू चौथी. लिहिण्यात तरी तू माझ्या पुढं जाणार नाहीस. अक्षर लागलं नाही तर तुझ्या सार्थककडून वाचून घे.

तो मागच्या रविवारी आला होता. हात मागं बांधून ओट्यापाशी उभा राहिला. म्हणाला, "मोठी आई, आईनं विचारलंय. पावसाळ्यापर्यंत मोसंबीला आपल्या विहिरीचं पाणी द्याल का? बाबांनी जाता जाता लावलेली झाडं आहेत, तेवढी जगली पाहिजेत."

मी नाही म्हणाले. आता तुला लेखी कळवते, नाही.

पाणी नाही असं नाही. खालच्या वस्तीवरच्या बोअरला नुसती हवा येते, नाल्यात पोरं क्रिकेट खेळतात, पण माझ्या विहिरीला अजून दोन परस, दोन माणसं बुडतील एवढं, पाणी आहे. रामकिसन भावजी गेले याचं मला दुःख नाही असं पण नाही. माझ्या हातचं पिठलं खाऊन वाढलेला दीर होता तो. पण विहीर माझी आहे, सारजा. या घरात आल्यापासून सगळं तुला मिळालं. रंग तुला, आबांची, सासऱ्यांची, मर्जी तुला, वरचं काळं रान तुला. आवडाबाईंचं, आपल्या सासूचं, हगणं-मुतणं दोन वर्षं मी काढलं आणि जीव सोडला त्यांनी तुझ्या मांडीवर. मी तेवढ्यात दूध तापवायला गेले होते. त्यांची चिनी मातीची बरणी पण वाटणीच्या वेळी तूच नेलीस, मी आजवर तोंडातून शब्द काढला नाही. माझी स्वतःची श्रेया, माझ्या पोटची, दर रविवारी तुला फोन करते आणि मला सोमवारी. मला कळत नाही असं समजू नको.

वाटणीत एकच गोष्ट माझ्याकडं आली, ती विहीर. चिठ्ठी टाकली आणि देवानं ती माझ्या पदरात घातली. तू दे म्हणालीस म्हणून मी ती तुझ्या झाडांच्या बुडाशी ओतणार नाही.

दुसरी गोष्ट. तुझ्या वरच्या पडीक रानात पुण्याची खोदकामवाली माणसं आली आहेत. तूच सही दिली म्हणे. मला कुणी विचारलं नाही. चारुता म्हणून मॅडम आहे, डोक्यावर टोपी, हातात छोटी थापी, दिवसभर उकिडवी बसून माती खरवडते. सगळं गाव बघायला जातं. तुझं रान म्हणे लई जुनं. दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी हद्दीसाठी खोदलेली चर त्याच्या पोटात बुजून पडली आहे. म्हणजे रान पण तुझंच खानदानी. माझ्यात काय नुसती ढेकळं!

आमचे हे, सर्जेराव, बरे आहेत. गुडघा दुखतो. तुझी चौकशी करतात, मी उत्तर देत नाही.

आशाबाई


बोरखडी
१९ फेब्रुवारी २०२४

सारजास,

पेपर बघितला. तू बघितलाच असशील, क्रांती चौकात सगळ्यांना दाखवत फिरली असशील. "सारजाबाईंच्या शेतात सापडली जुनी हद्दीची चर." तुझं नाव ठळक. फोटो पण आहे. फोटोत मागं जो शाळू उभा दिसतो तो माझा आहे. खाली तसं कुठंही लिहिलेलं नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे म्हणाले, "अगं, पेपरात नाव आल्यानं काय रान वाढतंय व्हय?" मी म्हणाले, तुम्हाला काय कळतंय. यांना कधीच काही कळलं नाही.

सकाळी चहाची किटली घेऊन गेले खोदकामावर. बघू तरी म्हटलं. मॅडम गोड बोलते. पण मला म्हणाली, "या आजी." आणि तुझा विषय निघाला की "सारजाताई." तू माझ्याहून फार तर तीन पावसाळे लहान. मी चहा ओतला.

मग विचारलं, हे तुम्हाला कळलं कसं की इथं चर आहे? वर तर काहीच दिसत नाही. ती म्हणाली, "दुष्काळामुळं कळलं, आजी. चर बुजली तरी तिच्यात माती खोल असते, ओल धरते. आजूबाजूचं गवत वाळून जातं, तेवढी पट्टी हिरवी राहते. आम्ही वरून फोटो काढले तेव्हा ती रेघ दिसली. इकडं रस्त्यापर्यंत सगळीकडं प्लॉटिंगचा चुना पडलाय. दोन वर्षांनी इथं बंगले होतील. त्याआधी जुन्या लोकांनी रानाच्या हद्दी कशा आखल्या ते टिपून ठेवायचं आहे."

मी किटली खाली ठेवली. म्हटलं, "अशी हिरवी पट्टी माझ्या शाळूत पण हाय की."

खोटं नाही, सारजा. तुझ्या पडिकातून ती पट्टी सरळ निघते आणि माझ्या रानात घुसते. आपल्या दोघींच्या रानांमधला बांध, धुरा, तसा जात नाही. आपला धुरा वरून सरळ येतो आणि विहिरीपाशी तुझ्याकडं पोट काढून वळसा घालतो, तुला ठाऊकच आहे. पट्टी मात्र वळत नाही. ती सुतात सरळ जाते, विहीर ओलांडून माझ्या बाजूला. दर दुष्काळात मी बघते, तेवढ्या ओळीतलं कणीस भरलेलं असतं.

मॅडम उठलीच. टोपी सावरत माझ्या मागं शाळूत आली. पट्टी बघून तिचे डोळे असे चमकले! म्हणाली, "आजी, हे तर वरच्यापेक्षा चांगलं आहे. इथं पट्टी जास्त रुंद आणि ठळक आहे." चांगलं, म्हणाली. वरच्यापेक्षा. मी दोनदा विचारून घेतलं.

शाळू काढला की माझ्या रानात खोदायचं ठरलं आहे. पेपरवाल्यांना मी घरी जेवायला बोलावणार आहे. नाव नीट लिहून देणार आहे. आशाबाई सर्जेराव. तुझ्यासारखं नुसतं सारजाबाई नाही.

आशाबाई

ता. क. मोसंबीची पानं वळायला लागली आहेत. मी मुद्दाम बघायला गेले नव्हते, वाटेत पडतं.


बोरखडी
६ मार्च २०२४

सारजा,

जळलीस ना? शेवटी जळलीस! मला वाटलं होतं तुला ते जमतच नाही.

सार्थक काल तुझा निरोप घेऊन खास गाडी मारत आला. "आई म्हणली, आक्काला सांग, रान उकरू देऊ नका. विहिरीपाशी तर मुळीच नको. जसं आहे तसं राहू द्या." पोरगा बिचारा घामाघूम झाला होता. मी त्याला ताक दिलं, गूळ दिला आणि सांगितलं, तुझ्या आईला म्हणावं, तुझ्या रानात खोदलं तेव्हा मी आडवी आले होते का?

तो म्हणाला, "मोठी आई, तसं नाही. आई रडत होती."

रडू दे. मी किती वेळा रडले त्याचा हिशोब कुणी ठेवलाय? तुझ्या वास्तुशांतीला मी नऊवारी नेसून, ओटीचं सामान घेऊन, दोन एस्ट्या बदलून आले. तू शेजारणींना काय सांगितलंस? "या आमच्या गावाकडच्या जाऊबाई." गावाकडच्या! आणि तू कुठली, लंडनची? याच विहिरीवर माझ्याबरोबर धुणं आपटायचीस. मी न जेवता उठले, ते तुला अजून कळलेलं नाही का उठले.

शाळू निघाला. कालपासून खोदकाम सुरू आहे. दोऱ्या बांधून चौकोन पाडलेत, त्यात मॅडम आणि तिची दोन माणसं. मी बाजेवर बसून असते. मॅडम मला सारखं विचारते, आजी, इकडं हद्द कशी धरतात? मी आपल्याकडची रीत सांगितली. भाऊ वेगळे झाले की दोन्ही नव्या चुलींतले कोळसे आणि दोघी जावांच्या बांगडीचा एकेक तुकडा एका भांड्यात घालायचा आणि ते भांडं हद्दीवर पुरायचं. कोळसा कुजत नाही, साक्षीला राहतो. एकदा पुरला की हलवायचा नाही, हलवला तर दोन्ही घरांचं वाईट होतं. पुरायला बाप्ये जातात, बायका नाहीत. मॅडमनं सगळं लिहून घेतलं. म्हणाली, "वा, आजी!" तुला कधी म्हणाली का वा?

वाटणीच्या दिवशी सकाळी मी सुपात कोळसे काढून दिले होते आणि दुपारी माझा भाऊ मला बाळंतपणाला सिल्लोडला घेऊन गेला होता. सुपाची एक बाजू जळली, म्हणून सासूबाई ओरडल्या होत्या. तुझ्यावर नाही ओरडल्या. तुझं सूप पण जळलं होतं.

पाणी नाही म्हणजे नाही.

आशाबाई


बोरखडी
१४ मार्च २०२४

सारजास,

खोदकाम झालं. काही निघालं नाही. खापरं, दगडगोटे. पेपरवाले आले नाहीत, बरंच झालं, मला पुरणाचा घाट घालायचा कंटाळा आला होता.

एक विचारायचं होतं. श्रेयाच्या वेळी मी सिल्लोडला होते तेव्हा धुरा कुणी घातला? घालताना तू तिथं होतीस का?

सहज विचारते.

मोसंबीला अजून पाणी दिलेलं नाही. मोटार बिघडली आहे.

आशाबाई


बोरखडी
२ एप्रिल २०२४

सारजा,

मोटार बिघडलेली नव्हती. आणि काही निघालं नाही हेही खोटं. तू उत्तर दिलं नाहीस. देणार नाहीस हे मला माहीत होतं, तुला गप्प बसायची लई सवय.

आता सगळं सांगते. तुला ते आधीच माहीत आहे, तरी सांगते. माझ्या तोंडून ऐक.

त्या दिवशी मॅडम खूश होती. जुनी चर पुरी उघडी झाली होती, काळ्या मातीत वाटीच्या तळासारखी गोल. तिला तिचं मिळालं होतं. मी पण खूश, कारण तुझ्या रानातल्यापेक्षा माझी चर खोल निघाली. तेवढ्यात तिचा माणूस म्हणाला, "मॅडम, हितं काहीतरी लागलं." विहीर ओलांडून बरंच आत, माझ्या रानात. मॅडम ब्रशनं झाडायला लागली आणि पांढरी कड वर आली.

सासूबाईंची बरणी. काठाचा टवका उडालेली, वर निळी रेघ. तिच्यात त्या मीठ ठेवायच्या. तीच बरणी, जी तू नेलीस म्हणून मी इतकी वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडते आहे.

मॅडम म्हणाली, "आजी, ही चरीइतकी जुनी नाही. बुजलेल्या चरीत नंतर वरून खड्डा करून ठेवलेली आहे. पस्तीस-चाळीस वर्षं झाली असतील." मग तिनं झाकणाचं फडकं सोडवलं, त्याचा भुगाच झाला. आत कोळसे. आणि बांगडीचे दोन तुकडे, माझा हिरवा, तुझा लाल. माझा रंग उडून पांढरट झालाय. तुझा अजून चकचकीत. मातीखाली पण, सारजा!

मॅडमनं हातातला कोळसा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगितलीत तीच रीत ना ही? मग हद्द इथून जात होती. पण बांध तर तिकडं आहे, विहिरीच्या पलीकडं. असं कसं?"

मी म्हणाले, "ऊन लई लागायलंय." आणि घरी आले.

यांना मी आठ दिवस काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती. नंतर एका सकाळी हे कडबा रचत होते, तिथं जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "विहीर कुणाच्या वाट्याला आली होती?"

हे पेंढी हातात धरून थांबले. "आपल्याच की."

"बरणी निघालीय. सासूबाईंची."

यांनी पेंढी खाली ठेवली, वर बसले. म्हणाले, "रामकिसनच्या. चिठ्ठी तशीच निघाली होती. आबांनी, रामकिसननं आन् मी बरणी पुरली जुन्या खुणेवर. तू तवर सिल्लोडला गेली होतीस."

"मग धुरा तिकडं कसा गेला?"

"सारजा म्हनली."

"काय म्हणाली?"

"कशाला उकरून काढते आता..."

"काय म्हणाली ते सांगा!"

हे जमिनीकडं बघत म्हणाले, "आबांच्या पाया पडली. म्हनली, आक्का माझ्यावर जळती, मला दिसतंय. तिला एक तरी गोष्ट माझ्यापरीस जास्त असू द्या. विहीर तिच्याकडं जाऊ द्या म्हंजी तिचा जीव शांत होईल. आबा नाय म्हनत होते. पर रामकिसन म्हनला, तिची इच्छा हाय तर असू द्या. मग आमी धुरा विहिरीच्या पल्याडनं वळवून घातला. तलाठ्याकडं नोंद पन तशीच केली. बरणी हलवता येत नव्हती, म्हनून राहिली जागची."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असती व्हय?"

"नसती घेतली!"

"म्हनूनच."

सारजा, मी त्या कडब्यावर बसून रडले. तुझ्या चांगुलपणानं रडले असं वाटून घेऊ नको. रागानं रडले. माझ्याकडं या जन्मात एकच जिंकलेली गोष्ट होती. तू गोरी, तर असू दे, विहीर माझी. सासू तुझी, तर असू दे, विहीर माझी. दुष्काळ पडला की मी काठावर उभी राहून खाली पाणी बघायचे आणि मनात म्हणायचे, बघ सारजा. आता कळतंय की ते पण तूच दिलेलं होतं. लहान पोरानं रडू नये म्हणून त्याच्या हातात खुळखुळा द्यावा, तसं. मी एवढी वर्षं तो वाजवत बसले आणि तू बघत होतीस. हसली नाहीस, हे त्याहून वाईट.

आणि सगळ्यांना माहीत! सासऱ्यांना माहीत, यांना माहीत, भावजी जाईपर्यंत गप्प. मी पाणी नाही म्हटलं तेव्हा तू सार्थकला एका शब्दानं सांगू शकली असतीस, की बाळा, विहीर आपलीच आहे. नाही सांगितलंस. झाडं वाळू देत होतीस. भावजींनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं! इतकं मोठं मन कुणाचं असतं का ग? मला तर त्याची शिसारी येते. खरंच येते. माझ्यासारख्या बाईनं अशा माणसाशेजारी राहायचं कसं, हे देवानं सांगावं.

उकरू देऊ नका असा निरोप आला, तेव्हा मला वाटलं तू जळतेस. जन्मात पहिल्यांदा मला तू माझ्यासारखी वाटली होतीस. तेवढे आठ दिवस माझे लई सुखाचे गेले.

असो. आता ऐक काय केलं ते.

मॅडम खड्डे बुजवायला निघाली होती. मी म्हटलं, विहिरीपासची चर उघडीच राहू द्या, तो आमचा धुरा आहे. ती म्हणाली, "पण आजी, मग विहीर तुमच्याकडं राहत नाही." मी म्हटलं, "ताई म्हणायचं मला." हसली, पण म्हणाली. बरणी तिनं नेली नाही. फोटो काढले, मापं घेतली आणि आम्ही ती कोळशांसकट होती तिथंच परत ठेवली. मग यांना आणि दोन गड्यांना लावून विहिरीपासचं धुऱ्याचं पोट कापलं. गुडघा दुखतो म्हणून कुरकुरले हे. मी म्हटलं, वळवताना नाही दुखला? चरीच्या कडेनं दगड लावलेत. तलाठ्याकडं अर्ज पण दिला आहे, आम्हा दोघांच्या सहीचा. तुझी सही लागेल, पाडव्याला ये.

मोटार चालू केली. मोसंबीला पाणी गेलं. वरच्या कडेची, मुरमातली झाडं गेली, ती माझ्यामुळं गेली. बाकीच्यांना तीन पाळ्या झाल्या, बुडात ओल आहे, परवा दोन-तीन झाडांना फूट दिसली. मी झाडापाशी जाऊन भावजींना म्हणाले, तुमच्या बायकोनं मला कुठं तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. एवढंच म्हणाले.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहिलं. चार दिवस लिहीन-लिहीन म्हणते आणि पेन खाली ठेवते.

दगड लागल्यापासून मी त्या विहिरीतून माझ्यासाठी घागरभर पाणी काढलेलं नाही. तुझ्या झाडांना दिलं, ते तुझं तुला. पण माझ्याकडं दोन बैल आहेत, एक म्हैस आहे, आणि माझ्या राहिलेल्या रानात पाण्याचा थेंब नाही. म्हणून विचारते. सारजा, पावसाळ्यापर्यंत मला तुझ्या विहिरीचं पाणी देशील का?

तू लगेच हो म्हणशील, मी ओळखते तुला. आक्का, असं काय विचारता, असं म्हणशील. गाडी करून येशील, माझ्या पाया पडशील, आणि पुन्हा सगळ्या गावासमोर तूच मोठी. मला ते सहन होणार नाही. म्हणून तुझ्यापाशी एक मागणं मागते, जावेचं म्हण, मोठीचं म्हण. नाही म्हण. एकदा, फक्त एकदा, मी म्हणाले तसं तोंडावर सरळ नाही म्हण. आठ दिवस रागाव माझ्यावर, शिव्या दे, भावजींच्या वाळलेल्या झाडांचा जाब विचार. मग दे पाणी. मग मी घेईन, आणि तुझ्या घरी येऊन पोटभर जेवीन पण.

उत्तर लवकर धाड. रोज सकाळी टँकर येतो, मी रांगेत घागर घेऊन उभी असते आणि बायका विचारतात, आशाबाई, तुम्ही इथं कशा? मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

तुझी,
आशा